गळती बाहेरची आणि आतली: ट्रकच्या डिझेल लाइनवर वाचकांचे प्रश्न

पावसाळा संपून ऊसतोडीचा सीझन जवळ आला की आमच्याकडे डिझेल गळतीचे प्रश्न एकदम वाढतात, कारण तीन-चार महिने उभी असलेली गाडी बाहेर काढली की टाकीपासून पंपापर्यंतचं सगळं दुखणं एकाच आठवड्यात वर येतं. यावेळी जे प्रश्न फिरून फिरून येतात तेच घेतलेत. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलं म्हणून फक्त गावं दिलीत. सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो, डिझेल खाली सांडतंय ती गळती सोपी, दिसते तरी. खरा त्रास देते ती गळती, जिथे थेंब पण बाहेर येत नाही आणि हवा मात्र आत घुसते.

प्रश्न (करमाळा): जुनी दहा टायर गाडी आहे, साध्या इनलाइन पंपाची. सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी बसते, हँड पंप मारला की लगेच चालू होते, मग दिवसभर काही नाही. खाली एक थेंब गळत नाही. मेकॅनिक म्हणतोय पंप उतरवायला लागेल, पस्तीस हजार सांगितलेत. काय करू दादा?

उत्तर: भाऊ, पंपाला (इंजेक्टरना प्रेशरने डिझेल देणारा तो मोठा इनलाइन पंप) अजून हात लावू देऊ नका. हँड पंप मारला की लगेच चालू होते हे तुम्हीच लिहिलंय, त्यातच अर्धं उत्तर आलं. टाकीपासून फीड पंपापर्यंत (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) जो पाइप येतो तो सक्शनचा, गाडी चालू असताना त्यात प्रेशर नसतं, उलटी ओढ असते, म्हणजे तिथे कुठे बारीक फट असली तर डिझेल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते, आणि रात्री गाडी उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरून पाइपातलं डिझेल हळूहळू मागे टाकीत उतरतं. सकाळी पाइप रिकामा. स्टार्टर मारून मारून फीड पंप आधी तो पाइप भरणार, मग फिल्टर, मग कुठे गाडी उठणार. चालू झाल्यावर फीड पंपाची ओढ जास्त असते, थोडी हवा आली तरी ती रिटर्नमधून (जादा डिझेल परत टाकीत नेणारा पाइप) निघून जाते, म्हणून दिवसभर काही जाणवत नाही.

आता शोधायचं कसं. पहिलं सोपं काम, गाडी कॅनवर चालवून बघा. स्वच्छ कॅनमध्ये चार-पाच लिटर गाळलेलं डिझेल घ्या, फीड पंपाला टाकीकडून येणारा पाइप सोडा, तिथे चांगला होज लावून तो कॅनमध्ये सोडा, रिटर्न पण कॅनमध्येच. संध्याकाळी असंच ठेवा आणि सकाळी स्टार्टर मारा. फक्त कॅन फीड पंपापेक्षा खाली ठेवा, वर ठेवला तर डिझेल आपोआप उतरत राहील आणि काहीच कळणार नाही. पहिल्या झटक्यात चालू झाली तर पंप ठणठणीत आहे आणि दोष मागे आहे, टाकी ते फीड पंप. तरीही नाही झाली तर फीड पंपातले व्हॉल्व्ह, हँड पंपाचं बूड, फिल्टर हेड याच्याकडे बघायचं, आणि त्यानंतर सगळ्यात शेवटी मोठा पंप.

दोष मागे आहे असं कळलं की फीड पंपाच्या आधी फूटभर पारदर्शक पाइप जोडा आणि गाडी चालू करा. जोडताना आत गेलेली हवा मिनिटभर बुडबुडे दाखवेल, तेवढं सोडा. त्यानंतर पण बारीक बुडबुड्यांची माळ येतच राहिली तर मागे फट आहे. मग एकेक जॉइंटवर जाड ग्रीसचा थर द्या आणि बुडबुडे बघत राहा, ज्या जॉइंटला ग्रीस लावल्यावर माळ तुटते तोच चोर. साबणाचं पाणी इथे कामाचं नाही, ते प्रेशरच्या बाजूला चालतं, ओढीच्या बाजूला फेस येणारच नाही, उलट पाणी आत ओढलं जाईल. आणि काम झालं की पारदर्शक पाइप काढून टाका, बरेच जण तोच ठेवून देतात, तो उन्हाने आणि डिझेलने कडक होऊन तडकतो आणि परत तीच गोष्ट.

फट सापडते कुठे म्हणाल तर नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत. बँजो बोल्टचे (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट, ज्यातून डिझेल जातं) तांब्याचे वॉशर दहा वेळा तेच वापरलेले, वॉटर सेपरेटरच्या वाटीचं रबर आणि खालचा ड्रेन कॉक, चॅसिसच्या क्रॉस मेंबरला घासलेला पाइप, कडक झालेल्या होजची क्लिप. हँड पंपाची मूठ खाली दाबून फिरवून नीट बसवलेली नसते हे पण खूप वेळा निघतं, एक रुपया खर्च नाही. आणि एक गंमत, फिल्टर बदलताना जुना गॅस्केट हेडलाच चिकटून राहतो, पोरगं त्याच्यावर नवीन फिल्टर फिरवतं, दोन गॅस्केट एकावर एक, आणि मालक म्हणतो फिल्टर बदलल्यापासून गाडी त्रास द्यायला लागली. तुमचा फिल्टर अलीकडे बदललाय का ते आधी बघा.

प्रश्न (इगतपुरी): टाकी फुल असली की गाडी कसारा घाट आरामात चढते. अर्ध्याच्या खाली काटा आला की चढावर ओढत नाही, मग बंदच पडते. एअर काढली की थोडी चालते. परत डिझेल भरलं की ठीक. फिल्टर दोनदा बदलले. ड्रायव्हर म्हणून मलाच बोलणी बसतात.

उत्तर: तुमचा दोष नाही भाऊ, मालकाला हा अंक दाखवा. टाकीच्या आत जो उभा सक्शन पाइप उतरतो त्याला मध्येच कुठेतरी बारीक भोक किंवा चीर पडलेली असणार. भोक डिझेलच्या खाली बुडालेलं असेल तोपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही, भोकातून पण डिझेलच येतं. पातळी भोकाच्या खाली गेली की पाइप डिझेलबरोबर हवा ओढायला लागतो, रसवंतीतली स्ट्रॉ मध्येच फाटली की रस निम्मा आणि हवा निम्मी येते तसं. त्यात घाट चढताना टाकीतलं डिझेल मागच्या बाजूला सरकतं आणि इंजिनला नेमकं तेव्हाच जास्त लागतं, म्हणून सपाटीला चालणारी गाडी घाटात मरते.

टाकीवरचा तो पाइप काढून बाहेर आणा, खालचं तोंड बोटाने बंद करा, पाण्यात बुडवा आणि वरून तोंडाने फुंका. बुडबुडा जिथून येईल तिथे भोक. चीर बहुतेक वेळा वरच्या फ्लँजला जिथे पाइप जोडलेला असतो तिथे असते, हादऱ्याने. असा पाइप झाळून वापरण्यापेक्षा नवीन घ्या, फार महाग नसतो. आणि पाइप बाहेर आहेच तर खालची जाळी बघा, काळा चिकट गाळ धरला असेल तर टाकीत पाणी साठून त्यात बुरशी झालीय, टाकी पण धुवावी लागेल.

अजून एक शक्यता, टाकीचा ब्रीदर, म्हणजे झाकणातलं हवा आत घ्यायचं भोक, चोंदलेला असणे. ओळखायची खूण सोपी आहे, गाडी बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघडा. आत हवा शिरल्याचा सुस्स आवाज आला आणि नंतर गाडी नीट चालली तर झाकणातलं भोक मातीने भरलंय. पण तुमच्या केसमध्ये फुल टाकीला त्रास नाही म्हणताय त्यामुळे माझा संशय पाइपावरच.

प्रश्न (सांगोला): माझ्या मिस्टरांचा ट्रक आहे, हिशोब मी बघते. टाकीला पट्ट्याच्या खाली पाझर लागलाय. एम-सील दोनदा लावलं, दोन्ही वेळा निघालं. गावातला वेल्डर म्हणतो, डिझेल काढून टाकी दोन दिवस उन्हात ठेवा मी लगेच मारून देतो, डिझेल काही पेट्रोलसारखं पेटत नाही. मला भीती वाटते. मिस्टर म्हणतात सगळे असंच करतात.

उत्तर: ताई, तुमची भीती शंभर टक्के बरोबर आहे आणि हे उत्तर मिस्टरांना वाचून दाखवा. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक असते. भरलेल्या टाकीत वाफेला आणि हवेला जागाच नसते, रिकामीत दोन्ही एकत्र येतात आणि तो स्फोटाचा माल. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट मानकाप्रमाणे कमीत कमी ३५ अंश असतो, म्हणजे साधारण तेवढ्या तापमानाला त्याच्या वाफा ठिणगीने पेट घेऊ शकतात, आणि सांगोल्यात एप्रिल-मे मध्ये उन्हात ठेवलेली टाकी किती तापते ते तुम्हाला सांगायला नको. हवेत एक टक्क्यापेक्षा कमी वाफ असली तरी पेट घ्यायला पुरते. आणि समजा वास गेला, तरी टाकीच्या आतल्या पडद्यांच्या मागे, शिवणीच्या सांध्यात, गंजाच्या पापुद्र्याखाली डिझेल चिकटून राहतंच, वेल्डिंगची उष्णता लागली की त्याची तिथल्या तिथे नवीन वाफ होते. म्हणजे वेल्डर स्वतःच वाफ तयार करतो आणि स्वतःच पेटवतो. टाकी फुटते तेव्हा तिची बाजूची पत्र्याची झाकणं उडतात, आणि वेल्डर बरोबर तिथेच वाकलेला असतो.

सगळे असंच करतात याचा अर्थ एवढाच की बऱ्याच वेळा वाचतात. काही ठिकाणी दुसऱ्या गाडीच्या सायलेन्सरला पाइप लावून धूर टाकीत सोडतात, आत ऑक्सिजन राहत नाही म्हणून. हे तर डिझेल गाडीच्या बाबतीत साफ चुकीचं आहे, कारण डिझेल इंजिन आयडलला लागतं त्यापेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतं आणि त्याच्या धुरात भरपूर ऑक्सिजन शिल्लक असतो. धूर सोडून सुरक्षित झालं असं वाटतं, होत काही नाही.

बरोबर पद्धत अशी. टाकी गाडीवरून उतरवायची, चॅसिसवर असताना नाहीच. फ्लोट (डिझेलचा काटा चालवणारा), सक्शन पाइप, झाकण, ड्रेन प्लग सगळं काढायचं. गरम पाण्याने आणि डिटर्जंटने हलवून हलवून धुवायची, पाण्यावर तेलाचा तवंग येईना तोपर्यंत. मग वाफ सोडायची, चांगली अर्धा-पाऊण तास, सगळा पत्रा हाताला चटका बसेल इतका तापेपर्यंत. आणि मग टाकी अशी तिरपी करून पाण्याने भरायची की वेल्डिंगची जागा पाण्याच्या जरा वर राहील, आत हवेला कमीत कमी जागा उरेल, आणि वरची तोंडं उघडी असतील. त्यानंतर वेल्डिंग. हे सगळं करणारी टाकी रिपेअरची दुकानं मोठ्या ट्रान्सपोर्ट नगरांत असतात, निगडीला, कळंबोलीला बघा, सोलापुरात पण चौकशी करा. गावातल्या ग्रील बनवणाऱ्या वेल्डरचं हे काम नाही.

एक धोका फार कमी लोकांना माहीत आहे म्हणून वेगळा सांगतो. तुमची टाकी ॲल्युमिनियमची असेल तर धुवायला कॉस्टिक सोडा अजिबात वापरू नका. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो आणि त्यातून हायड्रोजन निघतो, म्हणजे डिझेलची वाफ काढायला गेलो आणि त्याच्यापेक्षा वाईट गॅस भरून बसलो. चुंबक लावून बघा, चिकटला तर लोखंडी. ॲल्युमिनियमला अरगॉनचं टिग वेल्डिंग लागतं, आणि प्लास्टिकची टाकी असेल तर थेट बदला.

आता तुमच्या पट्ट्याखालच्या पाझराबद्दल. पट्टा आणि टाकीच्या मध्ये रबराची पट्टी असते, ती झिजली की मधे चिखल आणि पाणी धरून राहतं, तिथला पत्रा बाहेरून कागदासारखा होतो. म्हणून एका भोकावर वेल्डिंग मारायला गेलं की शेजारचा पत्रा पण वितळून भोक मोठं होतं. दुकानात नेल्यावर आधी टाकी रिकामी करून ती पट्ट्याची पूर्ण जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघायला सांगा, आवाज बद्द येत असेल आणि पत्रा दबत असेल तर पैसे वेल्डिंगला घालवू नका, नवीन टाकी घ्या. जुन्या बाजारातली घेतली तरी आत टॉर्च मारून गंज बघून घ्या, आणि कुठलीही टाकी बसवताना पट्ट्याचं रबर नवीनच.

एम-सील का निघालं तर डिझेल चालू पाझरत असताना ओल्या पत्र्यावर लावलं म्हणून. डिझेलची पातळी भोकाच्या खाली आणायची, रंग आणि गंज घासून पांढरा पत्रा काढायचा, पेट्रोलने पुसायचं नाही, थिनरने पुसून पूर्ण वाळू द्यायचं, मग लावायचं आणि घट्ट होईपर्यंत डिझेल वर चढू द्यायचं नाही. तरी तो आठ-पंधरा दिवसांचा उपाय, सीझन काढायचा नाही.

प्रश्न (चाकण): नवीन बीएस सहा गाडी आहे. टाकीजवळ एका छोट्या टाकीच्या पाइपाला पांढरी पावडर जमते. डिझेल सुकून असं होतं का?

उत्तर: नाही. निळ्या झाकणाची टाकी म्हणजे डीईएफची, युरियाच्या पाण्याची, त्यात ३२.५ टक्के युरिया असतो. ते पाणी उडून गेलं की युरियाचे पांढरे खडे राहतात. जिथे पावडर तिथे गळती, कोमट पाण्याने धुवा आणि जॉइंट बघा. डिझेल सुकलं तर काळपट चिकट धूळ धरतं, पांढरं कधी होत नाही. आणि त्या टाकीत चुकून डिझेल ओतलंत तर इग्निशन पण ऑन न करता सर्व्हिसवाल्याला बोलवा.

प्रश्न (लातूर): पहाटे टाकी काठोकाठ भरतो. दुपारी गाडी उन्हात उभी केली की टाकीच्या वरून, फ्लोटच्या बाजूने डिझेल ओघळतं. अर्धी टाकी असली की काहीच नाही. टाकी फुटलीय का?

उत्तर: टाकी फुटलेली नाही, डिझेल फुगलंय. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून गार डिझेल येतं, तुम्ही काठोकाठ भरता, दुपारी ते वीस अंशांनी तापलं तर ३०० लिटरचे जवळजवळ ५ लिटर जास्त होतात, त्यांनी जायचं कुठे? वाट मिळेल तिथून येणार. नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबा, भरणाऱ्या पोराला राउंड फिगर करू देऊ नका. पण फ्लोटच्या बाजूने येतंय म्हणजे तिथला गॅस्केट पण गेलाय, तो बदलाच, कारण तिथून डिझेल बाहेर येतं तसं पावसात आणि गाडी धुताना पाणी आत जातं. पाणी जड असल्यामुळे बुडाशी बसतं आणि टाकी आतून खालच्या बाजूने गंजते, आणि मग तो पाझर सुरू होतो ज्याला वेल्डिंगशिवाय इलाज नाही. गॅस्केटला सिलिकॉन फासून चालवू नका, साधे सिलिकॉन डिझेलमध्ये फुगून सुटतात आणि तुकडे जाळीवर जाऊन बसतात.

प्रश्न (जालना): कॉमन रेलची गाडी आहे. इंजिनवर पंपाजवळ डिझेलचा बारीक फवारा उडाल्यासारखा वास येतो, ओलं दिसतं, पण नक्की कुठून येतंय कळत नाही. ड्रायव्हर चालू इंजिनवर हात फिरवून शोधत होता तेव्हा मी थांबवलं. बरोबर केलं ना?

उत्तर: नुसतं बरोबर नाही, फार मोठं काम केलंत. जुन्या इनलाइन पंपाच्या गाडीत नोझल साधारण २०० बारला उघडायचा, तरी त्याचा फवारा धोक्याचाच होता. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना एकाच हाय प्रेशरच्या पाइपातून डिझेल मिळतं ती पद्धत) पाइपात १६०० बार, काही गाड्यांत २००० बारपर्यंत प्रेशर असतं. सुईच्या टोकाएवढ्या चिरेतून निघालेली धार डोळ्याला दिसत पण नाही आणि हातमोजा, कातडी सगळं भेदून डिझेल आत मांसात घुसवते. आणि फसवं काय तर सुरुवातीला फक्त काटा टोचल्यासारखं वाटतं, रक्त पण येत नाही, माणूस काम करत राहतो. काही तासांत बोट सुजून निळं पडतं, तोपर्यंत डिझेलने आतला भाग मारत नेलेला असतो आणि बोट काढायची पाळी येते. असं कुणाला झालंच तर धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन घरी बसू नका, सर्जन असलेल्या मोठ्या दवाखान्यात लगेच जा आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा की डिझेल प्रेशरने आत गेलंय, कारण वरून बघून त्यांनाही ते साधं टोचल्यासारखं वाटू शकतं.

शोधायचं असेल तर इंजिन बंद करा, थोडा वेळ थांबून प्रेशर उतरू द्या, सगळं धुवून पुसून कोरडं करा, पांढरी पावडर म्हणजे टाल्कम मारा, चालू करा, लांबून बघा. जिथली पावडर ओली होते तिथे गळती. जवळून बघायचंच असेल तर लांब पुठ्ठा फिरवा, हात नाही, चेहरा पण नाही. जुन्या गाडीत एक सिलिंडर मारतोय का बघायला चालू इंजिनवर नट सैल करायची सवय असते बऱ्याच मेकॅनिकना, ती कॉमन रेलवर कधीच करायची नाही. हाय प्रेशरचा पाइप गळत असेल तर तो आवळून आवळून थांबत नाही, पाइपाच्या टोकाचा कोन (निमुळतं तोंड) दबून बसलेला असतो, पाइप नवीनच लागतो, वाकवून किंवा झाळून तर मुळीच नाही. आणि काम करताना उघडी तोंडं स्वच्छ टोप्यांनी बंद ठेवायला सांगा, धुळीचा एक कण इंजेक्टर खातो आणि तो खर्च या पाइपाच्या कितीतरी पट असतो.

प्रश्न (मिरज): डिझेल कुठेच गळत नाही तरी ॲव्हरेज पडलंय, आणि गंमत म्हणजे इंजिन ऑइलची पातळी वाढतेय. हे शक्य आहे का?

उत्तर: शक्य आहे, आणि सगळ्यात महागात पडणारी गळती हीच. डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. डिपस्टिकचं ऑइल बोटावर घ्या, पाण्यासारखं पातळ आणि डिझेलचा वास असेल तर गाडी आहे तिथेच उभी करा, कारण पातळ ऑइलने बेअरिंग जातात आणि मग क्रँकचं काम निघतं. जुन्या इनलाइन पंपात फीड पंपाच्या दांड्याचं सील किंवा पंपाचे झिजलेले एलिमेंट यातून डिझेल पंपाच्या कॅम बॉक्समध्ये जातं आणि तिथून इंजिन ऑइलमध्ये. फीड पंप आधी तपासा, तो स्वस्त आहे. काही कॉमन रेल इंजिनांत इंजेक्टरचा ओ रिंग हेडच्या आत गळतो, बाहेर काहीच दिसत नाही. आणि बीएस सहा गाडीत अजून एक कारण असतं, सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर जाळून साफ करायला काही इंजिनं जादा डिझेल मारतात, गाडी सारखी गावातल्या गावात फिरत असली आणि ते रिजनरेशन अर्धवट राहत असलं की त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. कुठलंही कारण निघालं तरी दुरुस्तीनंतर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचेच, वरचं जादा ऑइल काढून पातळी बरोबर केली असं चालत नाही.

प्रश्न (धुळे): जुन्या लोकांचं म्हणणं आहे की नवीन डिझेल आल्यापासून जुन्या पंपांचे सील गळायला लागले. खरं की अफवा?

उत्तर: त्यात तथ्य आहे. देशभर १ एप्रिल २०२० पासून जे डिझेल मिळतं त्यात सल्फर १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा), त्याच्या आधी ५० होतं, आणि त्याच्याही आधी कितीतरी जास्त. सल्फर काढताना डिझेलमधली काही ॲरोमॅटिक (बेंझिनच्या जातीची) संयुगं पण कमी होतात, आणि जुन्या नायट्राइल रबराचे सील वर्षानुवर्षं त्याच संयुगांनी फुगून घट्ट बसलेले असतात. ती कमी झाली की सील आकसतो, म्हातारा सील असेल तर परत फुगत पण नाही, गळायला लागतो. अमेरिकेत १९९३ मध्ये कमी सल्फरचं डिझेल आलं तेव्हा तिथल्या ट्रकवाल्यांनी हीच तक्रार केली होती. इलाज सोपा, पंप उघडलाच तर सील व्हिटॉनचे (डिझेलला टिकणारं रबर) टाका, थोडे महाग असतात. डिझेलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळायचा जो उपाय फिरतोय त्याने आकसलेला सील काही तरुण होत नाही.

प्रश्न (गोंदिया): रस्त्यात पाइप फुटला तर जुगाड काय काय चालतं? सायकलची ट्यूब, टेफ्लॉन टेप, तांब्याची नळी, सगळं ऐकलंय.

उत्तर: सायकलची ट्यूब गावापर्यंत पोहोचवते, त्याच्या पुढे नाही, ते रबर डिझेलमध्ये फुगून लिबलिबीत होतं. टेफ्लॉन टेप डिझेल लाइनला लावूच नका, त्याचे धागे तुटून पुढे जातात आणि फिल्टरच्या पुढच्या जॉइंटला लावली असेल तर सरळ इंजेक्टरमध्ये. बँजो आणि कोनाचे जॉइंट आट्यांवर बंद होतच नाहीत, वॉशरवर आणि कोनावर होतात, त्यामुळे टेपचा उपयोग तसाही नाही. तांब्याची नळी हादऱ्याने कडक होऊन फ्लेअरपाशी तुटते, शिवाय तांब्यामुळे डिझेल लवकर खराब होऊन चिकट होतं. तांब्याचे वॉशर चालतात, आणि नवीन मिळत नसतील तर जुना लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, परत मऊ पडतो, एका वेळेपुरतं काम देतो.

गाडीत कायम ठेवायचं ते असं: हात-दीड हात डिझेलचा खरा होज, चार क्लिपा, दोन-तीन मापांचे वॉशर, एक फिल्टर, एम-सील, आणि कपडे धुवायच्या साबणाची वडी. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, टाकीच्या पाझरावर घासून भरला तर थेंब थांबतो, वरून एम-सील लावायला तेवढा वेळ मिळतो. नायलॉनचा पाइप तडकला असेल तर तडकलेला भाग ब्लेडने सरळ कापा आणि मधे होजचा तुकडा दोन्हीकडे क्लिप लावून बसवा, क्लिप इतकी पण आवळू नका की होज कापला जाईल. पाइप बसत नाही म्हणून लायटरने तापवू नका, गरम पाण्यात धरा, चहाच्या टपरीवर मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. हे फक्त टाकी ते पंप आणि रिटर्नच्या पाइपाला. पंपाच्या पुढच्या पाइपाला कुठलाही जुगाड नाही, गाडी टो करा.

थेंबाचं काय एवढं असं वाटत असेल तर, सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला साधारण दोन लिटर डिझेल जातं, नव्वदीच्या भावाने महिन्याचे पाच हजारांच्या वर झाले. पाइप जोडून झाला की एअर काढताना घाई करू नका, इनलाइनला फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत हँड पंप मारा, मग पंपावरचा स्क्रू तसाच. कॉमन रेलला फक्त हँड पंप कडक लागेपर्यंत मारा आणि स्टार्टर एका वेळी पंधरा-वीस सेकंदांच्या वर धरू नका, मधे दोन मिनिटं थांबा, नाहीतर पाइपाच्या नादात स्टार्टर जाळून बसाल.